धरमकांट्यावरची पोट्टी

लोखंडी चिमटा पाठीत बसला आणि तराजूचं पारडं चार बोटं खाली आलं.

"जय हो!" गर्दी ओरडली.

"देखा?" महाराज म्हणाले. "मार पड़ी टोनही को, वजन बढ़ा बच्ची का. फिर मारो!"

त्यांनी दुसरं पारडं हातानं दाबलं, चिमटा पुन्हा बसला. पारडं पुन्हा खाली आलं.

पाठ गोदावरीबाईंची होती. पारड्यात लाल फडक्यावर हातपाय झाडत रडणारी तान्ही मुलगी त्यांची नात होती. आणि चिमटा ज्याच्या हातात होता तो शिशिर त्यांचा जावई.

टोनही म्हणजे चेटकीण. छत्तीसगडात हा शब्द एकदा एखाद्या बाईच्या नावाला लागला की तिचे केस, तिचे दात, तिचा जीव, काहीच तिचं राहत नाही. कायदा आहे, शिक्षाही आहे. पण उरला या कारखान्यांच्या गावातल्या त्या मैदानात, रोलिंग मिलच्या मागच्या भिंतीला लागून, भर दुपारी कायदा कुणाला आठवत नव्हता. मिलमधून लोखंडावर लोखंड आपटल्याचे आवाज येत होते, आणि त्यांच्या मधूनमधून चिमट्याचा.

मी लहान मुलांची डॉक्टर आहे. समता कॉलनीत माझा दवाखाना आहे. "मॅडम, माझ्या आईला मारून राहिले, मिलमागच्या मैदानात. लवकर या," एवढाच श्रावणीचा फोन होता. श्रावणी म्हणजे या मुलीची आई. मी लगेच निघाले आणि गाडीतूनच पोलिसांना कळवलं.

महाराज उंच चौकीवर बसले होते. चौकीवरून पुढे तराजूखाली गेलेला जाड गालिचा, पुढ्यात तिकाटण्याला टांगलेला पितळी रंगाचा मोठा तराजू. एका पारड्यात मूल, दुसऱ्यात नदीतला काळा दगड. महाराजांचा आवाज लाऊडस्पीकरवर होता, आणि तो आवाज थांबत नव्हता.

"भाइयो, फैक्टरी का कांटा झूठ बोलेगा. ट्रक वाला कांटा झूठ बोलेगा. ये धरमकांटा है! इसमें न तार, न बैटरी, न सरकार. यहां माटी का वजन नहीं होता, आत्मा का होता है. क्यों भैया?"

"हव महाराज!"

ज्याला हे गाव माहीत नाही त्याला यातली चलाखी कळणार नाही. उरला-सिलतऱ्याच्या माणसाचा दिवस काट्यावर जातो; ट्रक तोलायच्या वजनकाट्याला इथे धरमकांटाच म्हणतात. ट्रक रिकामा तोलतात, भरून तोलतात, भंगार तोलतात, सळ्या तोलतात. दोन माणसांचं भांडण लागलं की तिसरा म्हणतो, चल काट्यावर. माणसाच्या शब्दावर विश्वास न ठेवणारी ही माणसं काटा बोलला की गप्प बसतात. महाराजांनी म्हणूनच विभूती निवडली नाही, लिंबू निवडलं नाही. काटा निवडला.

आणि आरोपासाठी लागणारा पुरावा त्यांना माझ्या दवाखान्यातून मिळाला.

आठवड्यापूर्वी श्रावणी मुलीला घेऊन माझ्याकडे आली होती. बरोबर सासू वनमालाबाई आणि गोंदियाहून आलेली आई, गोदावरीबाई. पूर्ण दिवसांची मुलगी, पण वजन जेमतेम दोन किलोच्या वर.

"मॅडम, ही पोट्टी हाय का पाखराचं पिल्लू?" वनमालाबाई म्हणाल्या. "माहा शिशिर चार किलोचा झाला होता. नर्स म्हने, बाई तुम्हाले हत्ती झाला."

"तरी मी म्हनो, जावई दारातून वाकून काहून येतात," गोदावरीबाई म्हणाल्या. श्रावणीला हसू आलं.

मी मुलगी तपासली. श्वास नीट, रंग नीट, दूध ओढायची ताकद चांगली. मी विचारलं, "श्रावणी जन्मली तेव्हा केवढी होती?"

"काय सांगू बापा!" गोदावरीबाईंनी मूठ दाखवली. "एवढीशी. शेजारीन म्हने, हे काय जगते! आता पाहा, मायवरच ओरडून राहिली."

"मग घाबरण्यासारखं काही नाही," मी सांगितलं. "आई स्वतः लहान जन्मलेली असली की तिचं बाळही बऱ्याचदा लहान होतं. अंगावर पाजा, उबेत ठेवा, दर आठवड्याला वजन करायला आणा."

बारशाला गोदावरीबाईंनी चांदीचे वाळे आणले. श्रावणीच्या बारशाला सोनाराने तिच्या पायाला दोरा गुंडाळून माप घेतलं होतं आणि बंद कड्याचे वाळे घडवले होते. ते इतके बारीक होते की घरातल्या दुसऱ्या कुठल्याही मुलाच्या पायात गेले नव्हते. नातीच्या पायात मात्र अलगद बसले. बायका हसल्या, कौतुक झालं. वनमालाबाईंच्या मनात मात्र ते रुतलं. त्यांनी ही गोष्ट महाराजांच्या कानावर घातली.

महाराजांना आणखी काय हवं होतं? "मां भी छोटी? बेटी भी छोटी? नानी का वाळा नातिन के पैर में? अरे पागलो, ये खानदानी टोनही है! पहले बेटी को पेट में चूसा, अब नातिन को चूस रही है. वाळे से डोरी बंधी है!"

मी जे धीर देण्यासाठी सांगितलं होतं तेच, शब्द न बदलता, गुन्हा झालं.

गर्दीत शिरायला मला कोपरं वापरावी लागली. पुढे पोहोचले तेव्हा महाराजांचा एक चेला गोदावरीबाईंचा अंबाडा धरून कात्री चालवत होता. टोनहीची ताकद केसात असते म्हणे. केस जटेसारखे तुटून पडत होते, अंबाड्याचे काळे लोखंडी आकडे उडून गालिच्यावर सांडत होते. बाईंचा खालचा ओठ फाटला होता. डावा हात कोपरापासून विचित्र लोंबत होता. तो मोडला आहे, हे मला लांबूनच कळलं. दोन बायकांनी श्रावणीला मागे दाबून धरलं होतं आणि ती किंचाळून किंचाळून घोगरी झाली होती.

"थांबा!" मी ओरडले. "हात मोडलाय त्यांचा. मरतील त्या!"

कुणाचं तरी कोपर माझ्या तोंडावर बसलं. तोंडात रक्ताची चव आली.

"आइए, आइए, डॉक्टरनी जी," महाराज माईकवर म्हणाले. "आपकी मशीन पर कितना बढ़ा था? हमारे यहां देखिए. मार शिशिर!"

शिशिरनं मारलं. मुलीचं पारडं खाली आलं. गर्दीनं जयजयकार केला. मग महाराजांनी दगडावर बेलाचं पान ठेवलं, तळहातानं दगड दाबत विचारलं, "बोल पत्थर, छूटी कि नहीं छूटी?" हात काढला तरी दगड खालीच राहिला. मुलगी पुन्हा वर.

"नहीं छूटी!" महाराज कळवळले. "ढीठ है. दाग देना पड़ेगा. जीभ पे."

बाजूच्या शेगडीत एक सळई तापत होती. टोक केशरी झालं होतं. चेल्यानं फडकं गुंडाळून ती उचलली. दोघांनी गोदावरीबाईंचं डोकं मागे ओढलं, तिसऱ्यानं जबडा दाबला. आत्तापर्यंत गप्प असलेल्या त्या बाईच्या घशातून जनावरासारखा आवाज निघाला.

तेव्हाच मला ते दिसलं.

दगडाच्या पारड्याभोवती गालिच्यावर पडलेले आकडे उभे होते. आडवे पडलेले नव्हते. टोकांवर उभे, थोडे तिरके, सगळे पारड्याकडे झुकलेले. दोन बोटं पलीकडचे आकडे मात्र साध्या आकड्यांसारखे लोळत होते.

मी काय पाहते आहे ते मला लगेच कळलं. पण ओरडून सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. त्या गर्दीत डॉक्टरणीचं कुणी ऐकणार नव्हतं. त्या क्षणी फक्त एका माणसाला कळणं गरजेचं होतं, आणि त्याच्या हातात चिमटा होता. शिशिर सिलतऱ्याच्या भंगार यार्डात क्रेन चालवतो. त्या क्रेनला आकडा नसतो. तिला थाळीएवढं विजेचं चुंबक असतं.

"शिशिर!" मी त्याची कॉलर धरून ओढली. "खाली बघ! आकडे बघ! तुझ्या क्रेनखाली भंगार कसं उभं राहतं?"

त्यानं मला ढकललं. मी गुडघ्यावर पडले, पण कॉलर सोडली नाही, त्यामुळे तोही वाकला. त्याची नजर गालिच्यावर गेली.

चिमटा धरलेला त्याचा हात खाली आला.

महाराजांनीही खाली पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी बघितला, आणि मांडीखालचा त्यांचा उजवा हात हललेलाही. कट्. सगळे आकडे एकदम आडवे झाले. त्याच क्षणी दगडाचं पारडं उसळून वर गेलं आणि मुलीचं पारडं धाडकन खाली आलं.

गर्दी सवयीनं ओरडली, "जय हो!" मग आवाज अर्ध्यातच विरला. कारण या वेळी कुणी कुणाला मारलंच नव्हतं. चिमटा खाली होता. सळई हवेत होती.

"अब किसने मारा?" मी उठून उभी राहिले. माईक लागला नाही, इतकं शांत झालं होतं. "बोलिए ना. बच्ची का वजन बढ़ा कैसे?"

"देवी की कृपा," महाराज म्हणाले. "टोनही डर गई."

शिशिर पुढे झाला. त्यानं गालिच्याचं टोक धरलं आणि ओढलं. महाराज आसनासकट घसरले. खाली लाकडी खोकं होतं, दगडाच्या पारड्याच्या बरोबर खाली तांब्याच्या तारेचं जाड वेटोळं, त्याच्या पोटात लोखंडी गाभा, आणि तिथून निघालेली वायर आसनाखालच्या बटनातून ट्रकच्या बॅटरीकडे गेलेली. दगडाचं पारडं शिशिरनं नखानं खरवडलं. पितळी रंग निघाला, खालून लोखंड आलं.

त्यानं बटन दाबलं. हातातला चिमटा त्याच्या मुठीतून निसटला आणि ठण्ण करून वेटोळ्यावर जाऊन चिकटला.

दगड मुळात मुलीपेक्षा थोडा हलका निवडलेला होता. बटन दाबलेलं असलं की चुंबक दगडाच्या पारड्याला खाली धरून ठेवायचं, आणि मूल हलकं वाटायचं. चिमटा पाठीत बसला की बटन सोडायचं. पुढच्या माराआधी दगड हातानं दाबून पुन्हा चुंबकाजवळ न्यायचा, वर बेलाचं पान ठेवायचं. बस्स. एवढ्यासाठी एका बाईचा हात मोडला होता. रोज तसल्याच चुंबकानं टनावारी लोखंड उचलणारी माणसं समोर उभी होती, आणि त्यांना ते दिसलं नव्हतं, कारण त्यावर गालिचा होता आणि गालिच्यावर महाराज होते.

पहिला दगड कुणी मारला ते कळलं नाही. तो महाराजांच्या कानशिलावर बसला.

"मारो साले को!"

"धोकेबाज!"

ज्यांनी गोदावरीबाईंचं डोकं धरलं होतं त्यांनीच आता महाराजांचे केस धरले. लाथा सुरू झाल्या. लाऊडस्पीकर फुटला, तिकाटणं आडवं झालं. त्याआधी श्रावणी सुटून आली होती आणि तिनं मुलगी उचलून छातीशी घेतली होती, हे बरं. चेल्याच्या हातातून सळई कुणीतरी हिसकावली. "इसकी जीभ पे दो!"

मी महाराजांच्या आणि सळईच्या मध्ये उभी राहिले. त्यांच्याबद्दल मला दया वाटत होती असं नाही. माझ्या ओठातून रक्त गळत होतं आणि मला त्यांचा विलक्षण संताप आला होता.

"काय सिद्ध करणार आहात?" मी ओरडले. "दस मिनट पहले इसी सळई से एक औरत का मुंह जला रहे थे. तब भी पक्का मालूम था, अब भी पक्का मालूम है! पूछना किसी को नहीं है?"

सळईवाला माणूस थांबला. पोलिसांची जीप मैदानात शिरली ती तेव्हा.

गोदावरीबाईंना मी सावलीत निजवलं. मोडलेल्या हाताला लाकडी पट्टी आणि ओढणी बांधली. ॲम्ब्युलन्स यायची होती. वनमालाबाई चपला हातात घेऊन जवळ आल्या. त्या रडत होत्या, पण प्रश्न सुटला नव्हता.

"मॅडम, तो लबाड होता, मानलं. पन मंग पोट्टी लहान काहून? वाळे तिच्या पायात बसले कसे? आई लहान, लेक लहान, हे काही खोटं नाही ना?"

प्रश्न बरोबर होता. म्हणूनच मी तो टाळला नाही.

"खोटं नाही. खरंच आहे. वनमालाबाई, तुम्ही जन्मलात तेव्हा केवढ्या होतात?"

"मी? मी लई मोठी होती म्हने. माह्या मायले दोन दिवस कळा होत्या. मरता मरता वाचली."

"आणि तुमचा शिशिर चार किलोचा. मग तुमच्या आईनं तुम्हाला कुठला मंत्र घातला? तुम्ही शिशिरला कुठला घातला?"

त्यांनी हातातल्या चपला खाली ठेवल्या.

"तुमच्याकडे आई मोठी, मूल मोठं. त्यांच्याकडे आई लहान, मूल लहान. एकाला कौतुक आणि दुसऱ्याला टोनही? आईकडून मुलीला उंची मिळते, नाक मिळतं. तसंच अंगलटही थोडी मिळते. शिवाय बाळ आईच्या पोटात वाढतं. ती स्वतः केवढी जन्मली, कशी वाढली, पोटात बाळ असताना काय खाल्लं, अंगात रक्त किती होतं, सगळ्याचा परिणाम बाळावर होतो. आणि हे प्रत्येक वेळी घडतंच असंही नाही. लहान जन्मलेल्या आईला मोठं बाळही होतं. ही शक्यता आहे, शाप नाही. वाळे बसले, कारण पाय तेवढे आहेत."

"एवढंच?"

"एवढंच. ही पोरगी पीत असेल आणि वाढत असेल तर तिला काहीही झालेलं नाही."

श्रावणीच्या पदराखाली मुलगी चुटूचुटू पीत होती. त्या सगळ्या मैदानात तीच एक गोष्ट होती, जिचा कुणालाही त्रास नव्हता.

हवालदार जबाब घ्यायला आला. महाराजांना जीपमध्ये बसवलं होतं, डोक्याला फडकं बांधून. चेल्यांनाही. शिशिर एका बाजूला उकिडवा बसला होता. स्वतःच्या दोन्ही तळहातांकडे बघत होता.

"माताजी, किसने मारा? महाराज ने?"

वनमालाबाई झटकन खाली बसल्या आणि त्यांनी गोदावरीबाईंचे पाय धरले. "विहीणबाई, जावई हाय तुमचा. त्याले फसवलं. त्याचं नाव नोका घेऊ. पोट्टीचा बाप हाय."

गोदावरीबाईंना बोलायला त्रास होत होता. फाटलेला ओठ सुजला होता. कातरलेल्या केसांचे पुंजके कपाळाला चिकटले होते. त्यांनी पाणी मागितलं, एक घोट घेतला.

"फसवलं, खरं हाय," त्या म्हणाल्या. "बटन त्या महाराजानं दाबलं. पन बटनानं मले लागलं नाही, दादा. मले चिमट्यानं लागलं." त्यांनी हवालदाराच्या कागदाकडे बोट केलं. "लिहा. शिशिर."

"पूरा नाम?"

त्यांना दम लागला होता. हवालदारानं वाट पाहिली. मग श्रावणीनं मुलीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि नवऱ्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, सांगितलं. शिशिरनं मान वर केली नाही. तो उठला आणि न सांगता जीपकडे चालत गेला.

मी हे लिहिते आहे ते महाराजांची फजिती सांगण्यासाठी नाही. तारेचं वेटोळं आणि बॅटरी सापडली, हे बरंच झालं. पण समजा त्या दिवशी आकडे उभे राहिले नसते. समजा मला युक्ती ओळखता आली नसती. तरीही गोदावरीबाई निर्दोषच होत्या. चमत्कार कसा केला हे सांगता येत नाही, एवढ्यानं कुणी बाई चेटकीण ठरत नाही.

तेव्हा घरात बाळ लहान जन्मलं तर त्याला ऊब द्या, आईचं दूध द्या, दवाखान्याच्या काट्यावर तोलून घ्या. आई जन्माला आली तेव्हा केवढी होती, हे तिच्या आईला जरूर विचारा. आणि ती जे सांगेल ते ऐकून घ्या, हात न उचलता.